हात ठेवण्याचा विधी : देणे की सोपवणे?

प्रश्न – नाशिकचा वाचक

अलीकडेच वसईत एका मित्राच्या गुरुदीक्षेला, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू होण्याच्या विधीला, उपस्थित राहण्याचा योग आला. गुडघे टेकून बसलेल्या माझ्या मित्राच्या मस्तकावर बिशपांनी दोन्ही हात ठेवले, पण त्या वेळी त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही; त्यानंतर उपस्थित धर्मगुरू रांगेने आले आणि प्रत्येकाने मूकपणे तसेच केले. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो. आमच्याकडे पाळकांच्या दीक्षेत हात ठेवतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना करतानाही ठेवतात, आणि ओळखीच्या एका पेंटेकॉस्टल सभेत तर पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा मिळावा म्हणून ठेवतात. माझ्यासोबत आलेले सहकारी म्हणाले, "हा तर आमचा हस्तमस्तकयोगच." त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही. हातातून खरोखर काही दिले जाते, की ही केवळ खूण आहे?

उत्तर १ – हिब्रूचा विद्यार्थी

आपल्या प्रश्नाचे मूळ जुन्या करारातच आहे, आणि तिथेही उत्तर एकच नाही. याकोब नातवंडांना आशीर्वाद देताना हात ठेवतो, तेव्हा मूळ भाषेतील क्रियापद साधे 'ठेवणे' या अर्थाचे आहे. परंतु लेवीयच्या पुस्तकात होमबलीच्या डोक्यावर हात ठेवण्यासाठी आणि गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात मोशेने यहोशवावर हात ठेवण्यासाठी 'सामख' हे क्रियापद येते, ज्याचा अर्थ टेकणे, भार देणे असा आहे. म्हणजे एका ठिकाणी हळुवार स्पर्श आहे, तर दुसऱ्या ठिकाणी माणूस आपले वजनच समोरच्यावर टाकतो आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक बोकडाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करतो आणि ती पापे घेऊन बोकड रानात जातो, तिथे काहीतरी 'जाते' हे उघडच आहे.

यहोशवाची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात म्हटले आहे की मोशेने हात ठेवल्यामुळे तो ज्ञानाच्या आत्म्याने परिपूर्ण झाला. उलट गणनेत परमेश्वर मोशेला सांगतो की ज्याच्या ठायी आत्मा आधीच आहे अशा यहोशवावर तू हात ठेव. दोन्ही वचने शेजारी ठेवली की 'हातातून मिळते' आणि 'आधीच असलेले ओळखले जाते' हे दोन्ही पक्ष शास्त्राधारे मांडता येतात. माझा कल दुसऱ्याकडे आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्येही सात जण निवडताना ते आत्म्याने पूर्ण असावेत अशी अट आधी घातली आहे, हात नंतर ठेवले आहेत. आणि कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी तर पेत्र बोलत असतानाच, कोणी हात ठेवण्यापूर्वी, आत्मा उतरला.

उत्तर २ – वसईकर

वरील विवेचन आवडले, तरी 'केवळ ओळख' एवढ्यावर आम्ही कॅथलिक थांबत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्याच ८व्या अध्यायात शोमरोनातील लोकांचा बाप्तिस्मा झालेला असूनही पेत्र व योहान यांनी हात ठेवल्यावरच त्यांना आत्मा मिळाला. ते पाहून शिमोन नावाच्या जादूगाराने ही शक्ती विकत घेण्यासाठी पैसे पुढे केले, आणि धर्मपद पैशाने मिळवण्याच्या गुन्ह्याला युरोपीय भाषांत आजही त्याच्याच नावावरून बनलेला शब्द आहे. शिमोनाची चूक हात पाहण्यात नव्हती, हाताला मालक समजण्यात होती.

दीक्षेबद्दल सांगायचे, तर १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या परिषदेतील आज्ञापत्रात मिस्सेतील पेला आणि थाळी सोपवणे ही गुरुदीक्षेची मुख्य कृती मानली होती. १९४७ मध्ये पोप पायस बारावे यांनी हात ठेवणे हीच ती कृती आहे, असे ठरवले. आपण पाहिलेले मौन त्यामुळेच महत्त्वाचे आहे: आधी हात, मग दीक्षेची प्रार्थना. इतर धर्मगुरूही हात ठेवतात, परंतु दीक्षा देतात ते बिशपच. बाकीचे नव्या सोबत्याला आपल्यात घेतात. डीकनच्या (धर्मगुरूच्या खालच्या पदाच्या सेवकाच्या) दीक्षेत फक्त बिशप हात ठेवतात. हस्तमस्तकयोगाशी साम्य दिसते, पण तिथे गुरूचा अनुग्रह शिष्यापर्यंत पोहोचतो, तर इथे बिशप स्वतःच्या साधनेचे काही देत नाहीत.

उत्तर ३ – नागपूरचा प्रेस्बिटर (मंडळीचा पाळक)

या चर्चेत आमच्या शहराचा उल्लेख व्हायलाच हवा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले, तेव्हा अडचण नेमकी हातांचीच होती. अँग्लिकन बाजूला बिशपांच्या अखंड परंपरेचा आग्रह होता. प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट आणि इतरांना आपली आधीची दीक्षा अपुरी ठरवून घेणे मान्य नव्हते. दक्षिणेत १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन होताना आधीच्या सेवकांवर पुन्हा हात न ठेवता पुढील सर्व दीक्षा बिशपांकडून होतील असे ठरले होते. उत्तरेत निराळा मार्ग निघाला: सर्व परंपरांच्या सेवकांचे एकत्रीकरण परस्परांवर हात ठेवून व प्रार्थनेने करायचे, आणि ही पुनर्दीक्षा नाही असेही स्पष्ट सांगायचे. काहींनी याला शब्दांची कसरत म्हटले. माझ्या मते तो प्रामाणिक मार्ग होता, कारण कोणाला काय कमी आहे हे ठरवण्याचे काम त्यांनी देवाकडे सोपवले.

स्कॉटलंडच्या सुधारकांनी १५६० मध्ये चमत्कार थांबले म्हणून हा विधीच अनावश्यक ठरवला होता, आणि १५७८ मध्ये तो परत आणला. त्यांनाही हाताशिवाय करमले नाही असे दिसते!

उत्तर ४ – एक परिचारिका

आजाऱ्यांविषयी थोडे लिहिते. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी येऊन तेल लावून प्रार्थना करावी असे आहे. येशूनेही अनेकांना हात ठेवून बरे केले, पण शताधिपतीच्या चाकराला स्पर्श न करता, दुरूनच. म्हणून हात हा उपचार नव्हे. एका सभेत माझ्या वयस्कर आईचे कपाळ इतक्या जोराने ढकलले की तिची मान आठवडाभर दुखत होती. 'सामख'चा अर्थ भार देणे असला, तरी तो भार रुग्णाच्या मणक्यावर पडू नये. रुग्णाला आधी विचारावे, हात हलका ठेवावा आणि औषधे बंद करायला सांगू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ५व्या अध्यायाकडे आता माझे लक्ष गेले: कोणावर हात ठेवण्याची घाई करू नकोस, दुसऱ्यांच्या पापांत भागीदार होऊ नकोस. वसईत हात ठेवण्यापूर्वी बिशपांनी विचारले होते की हा उमेदवार योग्य असल्याची खात्री आहे काय, आणि एका धर्मगुरूंनी लोकांमध्ये चौकशी केल्याचे सांगून होकार दिला होता. तेव्हा मला ती औपचारिकता वाटली होती. सहकाऱ्यांना मी आता प्रथम त्या प्रश्नाबद्दल सांगेन.