एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा) २०१९ चा विजेता हंगाम: आक्रमणात नेमकं काय बदललं?

प्रश्न: २०१८ मध्ये एलएसयूचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) जो बरो याचे १६ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) होते, २०१९ मध्ये थेट ६०! क्वार्टरबॅक तोच, मग एवढा फरक कशाने पडला?

उत्तर १: रचनेने. न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आलेल्या प्रशिक्षक जो ब्रेडीने आक्रमणाचे प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगरसोबत 'एम्प्टी' फॉर्मेशनचा (मांडणीचा) वापर वाढवला. पाचही जण पास घ्यायला पसरतात, क्वार्टरबॅकशेजारी कोणीच उरत नाही. समोरच्या बचावालाही पसरावं लागतं, त्यामुळे कोण कोणाला धरणार हे स्नॅपआधीच (चेंडू खेळात येण्याआधीच) कळतं. धोका असा, की क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवायला पाचच लाइनमन (पुढच्या रांगेतले खेळाडू) असतात. सहावा रशर (धावून येणारा बचावपटू) आला तर तो मोकळाच सुटतो, म्हणून चेंडू झटकन हातातून जायला हवा. बरो इथेच अफाट होता. पास झेलणाऱ्या जस्टिन जेफरसनला स्लॉटमध्ये (लाइनमन आणि कडेचा पास झेलणारा यांच्या मधल्या जागेत) आणणं हाही मोठा निर्णय. १११ झेल उगाच नाही आले.

उत्तर २: बचावाचंही बोला. ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाला) ५८-३७ ने हरवलं, पण त्यांना धावून ४०० हून जास्त यार्ड मिळू दिले. रीड-ऑप्शन या डावात बचावाचा कडेचा खेळाडू रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) वळला की क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून त्याच कडेने निसटतो. तिथे शिस्त सुटत होती.

उत्तर ३: अंतिम सामन्याचा दुसरा क्वार्टर पुन्हा पाहाच. प्रतिस्पर्धी क्लेम्सन १७-७ ने पुढे, मध्यंतराला एलएसयू २८-१७! शेवट ४२-२५. मला मात्र त्याच हंगामातला अलाबामावरचा ४६-४१ हा विजय जास्त मोलाचा वाटतो, त्यांच्यावरचा २०११ नंतरचा पहिलाच.