ध्यानाला बसलं की काही बायकांचा त्रास वाढतो, पद्धत कशी बदलावी?

गटसमन्वयक_सोलापूर:
पूर्व भागात विडी वळणाऱ्या दहा-बारा बायकांचा आधारगट दर आठवड्याला बसतो. घरातली मारहाण, अपघात, असं बरंच सोसलेल्या आहेत. शेवटची वीस मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. दोघींना लगेच धडधड होते, बोटांना मुंग्या येतात. एक मात्र अगदी निश्चल बसते, हाक मारली तरी पटकन भानावर येत नाही. सराव थांबवू का?

मनमोकळं:
ताई, आधी त्या निश्चल बसणाऱ्या बाईकडे लक्ष द्या. चेहरा कोरा, नजर एका जागी, हात गार, उत्तर उशिरा, ही ध्यान लागल्याची खूण नव्हे. सहन होईनासं झालं की शरीर बधिर होतं. धडधड निदान दिसते तरी. हे नजरेतून सुटतं आणि वर कौतुक होतं, तिथेच घोटाळा होतो.

पुढचे काही आठवडे श्वास बाजूला ठेवा. भीती बऱ्याचदा छातीत आणि घशातच जाणवते, त्यामुळे लक्ष तिकडे नेलं की ती उसळू शकते. 'दीर्घ श्वास घ्या' तर म्हणूच नका. घाबरलेला माणूस जोरजोरात श्वास ओढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, चक्कर सुरू होते.

त्याऐवजी हातात काहीतरी द्या. घडी केलेली सोलापुरी चादर मांडीवर, बोटं नक्षीच्या कडेवरून फिरवायची: कुठे वीण उंच, कुठे सपाट, कुठे खरखरीत. अर्धा मिनिट बोटांकडे लक्ष, मग मान वर करून खोलीतल्या तीन वस्तू बघायच्या, पुन्हा बोटांकडे. सुरुवातीला एकूण दोन-तीन मिनिटं पुरे. वीस मिनिटं फारच झाली.

डोळे उघडे ठेवायला नुसती परवानगी देऊन भागत नाही. सगळ्यांनी मिटले की एकटीला उघडे ठेवायचा संकोच वाटतो. तुम्ही स्वतःच उघडे ठेवा, नजर समोरच्या फरशीवर. दार उघडं, दिवा चालू, पाठ भिंतीला. पाठीमागून फिरू नका, न विचारता खांद्यावर हात ठेवू नका, किती मिनिटं बसायचं ते आधीच सांगा.

स्वातीनक्षत्र:
मनमोकळं यांच्याशी सहमत. दोन गोष्टी जोडते. बॉडी स्कॅन, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमाने लक्ष नेणं, घेत असाल तर मांड्या, ओटीपोट, छाती वगळा. ज्यांच्यावर शारीरिक अत्याचार झालेत त्यांच्यासाठी नेमक्या याच जागा अवघड. तळपाय आणि तळहात एवढंच पुरतं.

दुसरं, आवाजावर लक्ष ठेवायला सांगणार असाल तर आधी विचारा. पूर्व भागात यंत्रमागाची खटखट असतेच. एखादीला ती सवयीची म्हणून बरी वाटेल, पण मागावर ज्यांच्या घरात कुणाची बोटं गेलीत त्यांना तीच नकोशी.

गटसमन्वयक_सोलापूर:
आणि ती बाई मध्येच बधिर झाली तर नेमकं काय करायचं?

मनमोकळं:
समोरून, थोडं अंतर ठेवून, नावाने हाक मारा. आवाज नेहमीचा. 'पाय फरशीवर दाबा, आज वार कोणता, समोर काय दिसतंय' असं एकेक विचारा. भानावर आली की पाणी द्या, उभी राहू द्या, चार पावलं चालू द्या. काय आठवलं ते गटासमोर विचारू नका. त्या दिवशी तिचा सराव तिथेच संपवा.

डॉ_निवांत:
हा सराव उपचाराला जोड म्हणून ठीक आहे, उपचाराच्या जागी नाही. प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, भयस्वप्नं, दचकणं महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजच्या कामात अडथळा यायला लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. आघातकेंद्री सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा संवादोपचार), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत त्रासदायक आठवणींवर काम करणारी पद्धत) हे त्यावरचे प्रस्थापित उपचार आहेत. घरी मारहाण अजून चालू असेल तर ध्यानाआधी तिची सुरक्षितता बघा. दहा दिवसांच्या मौनशिबिराला या तिघींना सध्या पाठवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो चिठ्ठीवर लिहून प्रत्येकीला द्या, फक्त त्या तिघींना नको, नाहीतर त्यांच्याकडे बोट दाखवल्यासारखं होईल.