थकलेल्या संध्याकाळी दूध-तुपाविना जेवण: खिचडी कोरडी होते, शेवभाजीला तर्री येत नाही

तापीकाठ (भुसावळ)
घरात दोन माणसं, दोघंही व्हीगन. स्वयंपाकाला हात लागतो तोच साडेआठला, नऊ-सव्वानऊपर्यंत ताट वाढायचं असतं. दोन शेगड्या, तीन लिटरचा कुकर आणि मिक्सर आहे. तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, सुकं खोबरं, काळा मसाला, ज्वारीचं पीठ, भाजीची जाड शेव एवढं कायम घरात असतं.

अडचणी अशा: तुपाविना खिचडी कोरडी लागते. डाळ कधीकधी कचकच राहते. शेवभाजी केली तर रश्श्यावर तर्री येत नाही आणि शेव विरघळून भाजीचं पिठलं होतं. नारळाचं दूध, काजूची पेस्ट नको. रोजच्या डब्यांतल्या वस्तूंत काय करता येईल?

घाण्याचं तेल (जळगाव)
खिचडीचं आधी सांगतो. तुपाची जागा शोधायची गरजच नाही, आपल्याकडे खिचडीवर कच्चं शेंगदाणा तेल घेतातच. मात्र ते घाण्याचं हवं. रिफाइंड तेलाला वास नसतो, त्यामुळे ते वरून घेतलं की नुसतं तेलकट लागतं.

दोघांसाठी १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी तूरडाळ. घरात आल्याबरोबर डाळ धुऊन गरम पाण्यात टाका, मग हातपाय धुवा. १५-२० मिनिटं भिजली तरी फरक पडतो. कुकरमध्ये २ मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, मूठभर शेंगदाणे, ८ पाकळ्या ठेचलेला लसूण, कढीपत्ता, एक उभा चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की पाव चमचा हळद, १ चमचा तिखट, १ चमचा काळा मसाला, लगेच डाळ-तांदूळ. दोन मिनिटं परतून ५ वाट्या उकळतं पाणी आणि मीठ. मध्यम आचेवर ४ शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर वर पाणी आणि खाली गोळा, अशी खिचडी होते.

तुमची खिचडी कोरडी होते ती बहुतेक पाण्यामुळे. दीड वाटी धान्याला ३ वाट्या पाणी घातलं की ती पुलावासारखी मोकळी होते, मग तूप ओता नाहीतर तेल, घास कोरडाच. कुकर उघडल्यावर घट्ट वाटली तर अर्धी वाटी उकळतं पाणी घालून पळीने घोटा.

वरून फोडणी हवी असेल तर ३ चमचे तेलात ६ पाकळ्या लसणाचे काप आणि २ सुक्या मिरच्या मंद आचेवर. लसूण फिकट सोनेरी दिसला की गॅस बंद. उरलेला रंग तेलाच्या उष्णतेवर येतो. तिखट त्यानंतर घाला. चटचटत्या तेलात तिखट जळतं आणि सगळी खिचडी कडवट होते.

पाटा-वरवंटा (धुळे)
डाळ कचकच राहते म्हणता, तर खिचडीत टोमॅटो घालता का? टोमॅटो, चिंच, कैरी यांच्या आंबटपणात डाळ लवकर शिजत नाही. आंबट हवं असेल तर ताटात लिंबू पिळा. डाळ जुनी असेल किंवा बोअरचं जड पाणी असेल तरी असंच होतं. अशा डाळीला पाऊण तास भिजवण्याशिवाय इलाज नाही, म्हणून त्या दिवशी मुगाची डाळ घ्या.

आता शेवभाजी. वेळ जातो तो वाटणात, आणि ते रविवारी करून ठेवण्यासारखं आहे. ४ कांदे उभे चिरून थोड्या तेलात गडद तपकिरी होईपर्यंत भाजा. अर्धी वाटी सुकं खोबरं वेगळं भाजा, ते कांद्याबरोबर टाकलं तर आधी करपतं. १५ पाकळ्या लसूण, बोटभर आलं, कोथिंबिरीचे देठ घालून शक्य तितक्या कमी पाण्यात वाटा. हे दोन वेळांचं झालं. चार दिवस फ्रीजमध्ये टिकतं.

भाजीच्या वेळी ४ मोठे चमचे तेल, त्यात अर्धं वाटण. कडेनं तेल सुटेपर्यंत परता, साधारण ५-६ मिनिटं. इथेच घाई होते. तिखटाचा रंग तेलात उतरतो, आणि ते तेल वाटणातून सुटलं नाही तर वर तरंगणार काय? मग आच कमी करून २ चमचे काळा मसाला, १ चमचा तिखट, अर्धा मिनिट परतून ३ वाट्या उकळतं पाणी. थंड पाणी घातलं की रस्सा उकळायला उगाच वेळ जातो. मीठ बेताचं, शेवेतही असतं. ७ मिनिटं उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटं हलवू नका. तर्री वर येते.

शेव पातेल्यात टाकूच नका. वाटीत शेव, वर उकळता रस्सा, आणि लगेच जेवायला बसा. बारीक शेव किंवा जास्त सोडा असलेली खुसखुशीत शेव मिनिटात विरते.

हिरवा ठिपका (नंदुरबार)
एक जोडते. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. दुधाचे पदार्थ असलेल्या पाकिटांवरही तोच ठिपका असतो. घटकांची यादी आणि अ‍ॅलर्जीची सूचना वाचा. दूध पावडर, व्हे, केसिन (ही दोन्ही दुधातलीच) दिसलं तर ठेवून द्या. साध्या शेवेत बेसन, तेल, तिखट, मीठ, ओवा एवढंच असतं, पण मसालेदार फरसाणात दूध पावडर निघू शकते. सुट्या शेवेसाठी दुकानदाराला विचारणं हाच उपाय.

आणि बी-१२ या ताटातून मिळत नाही, डाळ-शेंगदाणे कितीही खा. गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

तापीकाठ (भुसावळ)
टोमॅटो घालतो, खरंय. पाणीही तीनच वाट्या घालायचो. शेवभाजीबरोबर भाकरी करायची तर पीठ थापताना कडेला चिरतं, त्याचं काय?

पाटा-वरवंटा (धुळे)
ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवून तळहातानं तीन-चार मिनिटं रगडायचं. तरी चिरलं तर पीठ जुनं आहे. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा. पुढच्या दळणात कळणा करून बघा: चार भाग ज्वारी, एक भाग सालाचे उडीद, थोडं मीठ. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी सहज थापली जाते, शिवाय डाळीचा भाग भाकरीतच येतो. शेवभाजी नसली तरी कच्चा कांदा, ठेचा आणि तेल घेतलं की तिच्यावर जेवण होतं.

घाण्याचं तेल (जळगाव)
रस्सा उकळायला ठेवलात की दुसऱ्या शेगडीवर तवा चढवा. सात मिनिटांत दोन भाकरी होतात.