केमिकल बायोलॉजी अँड ड्रग डिझाइनमध्ये मास्टर्स: बायोलॉजी शाळेतच सुटलीय, झेपेल का?

नवा_रेणू

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑरगॅनिक मनापासून आवडतं, मेकॅनिझमचे बाण काढत बस म्हटलं तर रात्रभर बसेन, पण बायोलॉजी शाळेत सुटली ती सुटलीच. मास्टर्ससाठी दोन कोर्सेसवर येऊन गाडी अडलीय. एक आहे केमिकल बायोलॉजी अँड ड्रग डिझाइन, एकच वर्षाचा, त्यात जवळजवळ आठ महिने एका लॅबमध्ये प्रोजेक्ट. दुसरा मेडिसिनल केमिस्ट्रीचा, दोन वर्षं, लेक्चर्स आणि परीक्षा भरपूर, प्रोजेक्ट फक्त शेवटच्या सेमिस्टरला.

या वर्षीच्या प्रोजेक्टमध्ये मी क्वेर्सेटिन (वनस्पतींत सापडणारा एक रेणू) एका कायनेजवर (एक प्रकारचं एन्झाइम) डॉक केलं, म्हणजे ते त्यात कसं आणि किती घट्ट बसतं याचा कॉम्प्युटरवर अंदाज घेतला, स्कोअर -९.८ आला, लिपिन्स्कीच्या नियमातही बसतं, गाईड खूश, पोस्टरला बक्षीससुद्धा मिळालं, तेव्हापासून डोक्यात घेतलंय की ड्रग डिझाइनच करायचं. पण घरचे विचारतात की या दोन कोर्सेसमध्ये फरक काय आणि मला धड सांगता येत नाही. बायोलॉजी किती लागते, कोडिंग आलंच पाहिजे का, आणि पुढे पीएचडी केली नाही तर हे सगळं वाया जातं का? जाणकारांनी प्लीज सांगा, फॉर्म भरायला तीनच आठवडे आहेत.

जुना_फ्लास्क

मी मेडिसिनल केमिस्ट आहे, रेणू बनवण्यात बरीच वर्षं गेलीत. आधी त्या -९.८ बद्दल बोलतो, राग मानू नकोस.

तो आकडा म्हणजे किलोकॅलरी प्रति मोलमधला अंदाज. खोलीच्या तापमानाला १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की बाइंडिंग दहापट बदलतं, आणि डॉकिंगच्या स्कोअरमध्ये २ किलोकॅलरीची चूक सहज असते. म्हणजे तुझा रेणू नॅनोमोलर आहे (अगदी थोडा पुरणारा) की मायक्रोमोलर (हजारपट जास्त लागणारा) हे तो आकडा सांगूच शकत नाही. डॉकिंग वाईट आहे असं नाही म्हणत, लाखभर रेणूंमधून शंभर उचलून तपासायला ते कामाचं आहे, पण एकच रेणू घेऊन डॉक केला आणि आकडा छान आला, याला पुरावा म्हणत नाहीत.

आणि त्यात तू उचललंस क्वेर्सेटिन! हा पठ्ठ्या जवळजवळ प्रत्येक चाचणीत, म्हणजे अ‍ॅसेमध्ये 'हिट' म्हणून येतो. एका रिंगवर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल, म्हणजे कॅटेकॉल, ते ऑक्सिडाइज होतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. शिवाय पाण्यात थोडं जास्त झालं की रेणूंचे गोळे होतात आणि एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून बसतं, आपल्याला वाटतं इन्हिबिशन झालं, म्हणजे रेणूने एन्झाइम अडवलं. असल्या फसव्या रेणूंना २०१० पासून पेन्स म्हणतात, नाव अगदी योग्य आहे, डोकेदुखीच. तपासायची साधी युक्ती म्हणजे अ‍ॅसेमध्ये थेंबभर ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखा पदार्थ) घालायचं, साधारण ०.०१ टक्के. त्याने गोळे फुटतात आणि परिणाम गायब झाला तर समजायचं की रेणू काही करत नव्हता. लिपिन्स्कीचं म्हणशील तर तो १९९७ चा नियम तोंडाने घ्यायचं औषध आतड्यातून शोषलं जाण्याची शक्यता किती एवढंच बघतो, औषध काम करतं का ते नाही. आणि व्हेनेटोक्लॅक्सचं वजन ८६८ आहे, तरी २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि गोळी म्हणूनच घेतात. त्यामुळे नियम पाठ कर पण त्याची पूजा नको.

आता कोर्सचं. माझ्या मते नाव बघू नकोस, सिलॅबससुद्धा फार बघू नकोस, दोन्हीकडे एकच प्रश्न विचार: विद्यार्थी जो रेणू बनवतो तो टेस्ट कोण करतं आणि त्याचा आकडा विद्यार्थ्याच्या हातात कधी येतो? डिझाइन करा, बनवा, तपासा, आकडा बघून पुन्हा डिझाइन करा, हे चक्र निदान दोनदा फिरलं पाहिजे. एकदाच फिरलं तर तू सिंथेसिस शिकलास, ड्रग डिझाइन नाही.

पेट्रीडिश

फ्लास्ककाकांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. मी केमिकल बायोलॉजीत पीएचडी करतेय, आधी अगदी तुझ्यासारखीच होते, पक्की केमिस्ट्रीवाली, म्हणून लिहितेय.

फरक ढोबळमानाने असा. मेडिसिनल केमिस्टला शेवटी औषध हवं असतं, म्हणजे रेणू पोटातून रक्तात जायला हवा, यकृताने लगेच तोडायला नको, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या हर्ग चॅनलला धक्का लावायला नको. केमिकल बायोलॉजीवाल्याला बऱ्याचदा रेणू हत्यार म्हणून हवा असतो, पेशीत काय चाललंय ते बघायला. माझा रेणू कधीच औषध होणार नाही आणि त्याचं मला अजिबात दुःख नाही. उदाहरणार्थ प्रोटीनवर किंवा साखरेवर छोटासा अझाइड बसवायचा, पेशीला त्याचा पत्ताही लागत नाही, मग त्यालाच शोधणारा अल्काइन सोडायचा आणि चमकणारा टॅग जोडायचा. २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना याच क्लिक आणि बायोऑर्थोगोनल केमिस्ट्रीसाठी मिळालं. बघ, यात मेकॅनिझमचे बाणच आहेत, फक्त फ्लास्कऐवजी जिवंत पेशी आहे.

बायोलॉजीची भीती मलाही होती. पण जी बायोलॉजी लागते ती शाळेतली बेडकाची नाही गं/रे (नवा_रेणू, मुलगा की मुलगी माहीत नाही, सॉरी). लागतं काय तर प्रोटीन कसं घडी घालतं, एन्झाइम कायनेटिक्स, पेशीत सिग्नल कसा जातो, आणि जीन टू प्रोटीनचा प्रवास. कायनेटिक्स तर तुझंच घर आहे. खरं अवघड जातं ते वेगळंच, ते म्हणजे बायोलॉजीचा आकडा डगमगतो याची सवय होणं. केमिस्ट्रीत एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) काढला की पीक आहे किंवा नाही. इथे तोच प्रयोग तीनदा केला की तीन उत्तरं, आणि तिन्ही 'ठीक' असतात. पहिल्या महिन्यात माझा रेणू पेशी मारतोय म्हणून मी नाचत होते, नंतर कळलं की डीएमएसओच (रेणू विरघळवायचा द्रव) एवढं जास्त घातलं होतं की पेशी त्यानेच मेल्या, कंट्रोल (रेणू न घालता ठेवलेला नमुना) ठेवलाच नव्हता. लॅबमधल्या सीनिअरने काही न बोलता फक्त रिकाम्या कंट्रोलच्या कॉलमकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून माझी प्लेट कंट्रोलपासूनच सुरू होते.

अजून एक, केमिस्ट लोकांना हमखास चकवणारी गोष्ट. ट्यूबमध्ये कायनेज इन्हिबिटरचा आयसी५० (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला लागणारं प्रमाण) येतो १० नॅनोमोलर, पेशीत तोच मायक्रोमोलरवर जातो. का? कारण ट्यूबमध्ये आपण एटीपी (कायनेज वापरतं तो पेशीतला ऊर्जेचा रेणू) थोडंच घातलेलं असतं आणि पेशीत ते मिलिमोलरमध्ये असतं, रेणूला त्याच जागेसाठी भांडावं लागतं. शिवाय पेशीत शिरणं, बाहेर फेकलं जाणं वगैरे आहेच. म्हणून आयसी५० चा आकडा कुठल्या परिस्थितीतला ते विचारल्याशिवाय कुणाचीच टेबलं तुलना करू नकोस.

नवा_रेणू

मुलगा आहे :) दोघांचे खूप आभार, क्वेर्सेटिनचं वाचून जरा पोटात गोळा आला, पोस्टरचं सर्टिफिकेट भिंतीवरून काढू का?

एक शंका. बनवा-तपासा चक्र दोनदा फिरायला हवं म्हणालात, पण आठ महिन्यांत ते होतं तरी का? आणि कोडिंगचं कुणी बोललंच नाही.

स्माइल्स_वाचक

सर्टिफिकेट राहू दे रे भिंतीवर, आमच्या पिढीत सगळ्यांचं पहिलं प्रेम डॉकिंगच असतं.

मी कॉम्प्युटेशनलवाला. फ्लास्कराव डॉकिंगबद्दल बोलले ते बरोबर आहे पण थोडं एकतर्फी वाटलं. चूक डॉकिंगची नसते, न तपासता वापरण्याची असते. आधी क्रिस्टल स्ट्रक्चरमधला मूळ लिगँड (प्रोटीनमध्ये बसलेला रेणू) बाहेर काढून पुन्हा डॉक करायचा आणि तो मूळ जागेच्या २ अँगस्ट्रॉमच्या आत बसतो का बघायचं. मग काही माहीत असलेले खरे इन्हिबिटर आणि त्यांच्यासारखेच दिसणारे पण काम न करणारे भरपूर रेणू एकत्र टाकून खरे वर येतात का बघायचं. एवढं केलंस तर -९.८ ला काहीतरी अर्थ येतो. हे तू तुझ्याच प्रोजेक्टवर आत्ताच, कॉलेज संपायच्या आत करू शकतोस, एका रविवारचं काम आहे, आणि इंटरव्ह्यूला 'मी माझाच निकाल पाडून बघितला' हे सांगता आलं तर त्या बक्षिसापेक्षा जास्त वजन पडतं.

कोडिंग: पायथन शिक, आरडीकिट (रेणूंवर काम करायची पायथनची लायब्ररी) शिक, स्माइल्स (रेणू अक्षरांत लिहायची पद्धत) वाचता आले पाहिजेत (आयडीवरून कळलं असेलच). सॉफ्टवेअर इंजिनीअर व्हायचं नाहीये, चारशे रेणूंच्या फाइलमधून कॅटेकॉलवाले बाजूला काढता आले तरी लॅबमध्ये भाव वधारतो. एआय सगळं करणार मग केमिस्ट कशाला, असं कुणी म्हणालं तर घाबरू नकोस. २०२४ च्या केमिस्ट्री नोबेलचा अर्धा भाग प्रोटीन डिझाइनसाठी बेकर यांना आणि अर्धा अल्फाफोल्डसाठी (प्रोटीनचा आकार सांगणारं एआय) हसाबिस आणि जंपर यांना मिळाला, काम जबरदस्तच आहे. पण प्रोटीनचा आकार कळणं वेगळं आणि त्यात बसणारा, बनवता येणारा, शरीरात टिकणारा रेणू मिळणं वेगळं.

केरासचं उदाहरण बघ (कोडिंगवालं नाही, के-रास प्रोटीन!). कॅन्सरशी त्याचा संबंध १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कळला होता, पुढे स्ट्रक्चर्सही आली, तरी तीसेक वर्षं लोक त्याला औषध न लागणारं प्रोटीन म्हणत होते, कारण ते जीटीपीला (एटीपीसारखाच पेशीतला छोटा रेणू) इतकं घट्ट धरतं की तिथे कुणाला शिरता येत नाही आणि दुसरा धड खड्डा दिसत नव्हता. मग २०१३ मध्ये शोकॅट यांच्या ग्रुपने जी१२सी नावाच्या म्युटेशनमध्ये जो सिस्टिन (एक अमिनो आम्ल) येतो त्यालाच पकडणारे छोटे रेणू प्रोटीनवर सोडून बघितले, आणि त्यातून असा एक खड्डा सापडला जो आधीच्या स्ट्रक्चर्समध्ये दिसतच नव्हता, रेणू आल्यावरच तो उघडतो. २०२१ मध्ये त्या खड्ड्यात बसणाऱ्या सोटोरासिब या औषधाला मान्यता मिळाली. यात केमिस्ट्री, बायोलॉजी, क्रिस्टल सगळं एकमेकांत गुंतलंय, कुठलं एक काढून दाखव.

जुना_फ्लास्क

स्माइल्सराव, एकतर्फी झालं हे मान्य, हात पोळलेत म्हणून तसं बोललो. रीडॉकिंगचं सुचवलंत ते उत्तम.

आठ महिन्यांचा प्रश्न: होतं, पण शून्यापासून सुरुवात नसेल तर. लॅबमध्ये कोअर रेणू आधीच किलोने नसला तरी ग्रॅमने पडलेला असला पाहिजे, अ‍ॅसे चालू स्थितीत असला पाहिजे. मग शेवटच्या स्टेपला वेगवेगळे अमाइन जोडून अमाइड करत गेलास तर सहा-सात आठवड्यांत दहा-बारा रेणूंची पहिली बॅच तपासायला जाते. याउलट तुला चौदा स्टेप्सचा नॅचरल प्रॉडक्ट दिला तर आठ महिने कॉलम चालवण्यात, म्हणजे रेणू शुद्ध करण्यात जातील. वाईट नाही ते, हात तयार होतात, पण तुला हवंय ते ते नाही.

तिसरी_शिफ्ट

फक्त पीएचडीच्या प्रश्नावर लिहितो कारण मी मास्टर्सवरच थांबलो.

गर्ट्रूड एलियन यांनी १९४१ मध्ये मास्टर्स केलं, नंतर नोकरी सांभाळून रात्री पीएचडी करत होत्या, पूर्णवेळ या नाहीतर सोडा म्हटल्यावर त्यांनी पीएचडी सोडली. ल्युकेमियावरचं ६-मरकॅप्टोप्युरिन, अ‍ॅलोप्युरिनॉल, असायक्लोव्हिर ही सगळी त्यांच्या कामातून आलेली, १९८८ चं नोबेल हिचिंग्ज आणि ब्लॅक यांच्याबरोबर. हे उदाहरण सगळे देतात आणि ऐकायला छान वाटतं, पण तू त्याच्यावर आयुष्य बेतू नकोस, काळ वेगळा होता. आज प्रोजेक्ट कुठल्या दिशेने न्यायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बहुतेक पीएचडीवालेच असतात. मास्टर्सवाल्याला बनवायचं काम मिळतं, अ‍ॅसे चालवायचं, अ‍ॅनालिटिकल, प्रोसेस, रेग्युलेटरी, पेटंट. मी पेटंटकडे वळलो, मला आवडतं, मेकॅनिझमचे बाण मात्र सुटले. वाया काही गेलं नाही. पण रेणू काय असावा हे मला ठरवायचं होतं आणि ते आता दुसरे ठरवतात, हे अधूनमधून टोचतं, खोटं कशाला बोलू.

पेट्रीडिश

+१, आणि म्हणूनच एक वर्षाच्या प्रोजेक्टवाल्या कोर्सकडे माझा थोडा कल आहे, आठ महिन्यांत कळून चुकतं की चार वर्षं आणखी हे करवेल का. दोन वर्षांच्या कोर्समध्ये ते कळेपर्यंत पीएचडीचे फॉर्म भरायची वेळ निघून गेलेली असते. पण बायोलॉजीचा पाया खूपच कच्चा असेल तर दोन वर्षांत दम घ्यायला जागा मिळते हेही खरं.

नवा_रेणू

अपडेट द्यायला आलोय. दोन्ही कोर्सेसना फ्लास्ककाकांचा प्रश्न जसाच्या तसा मेल केला.

दोन वर्षांवाल्यांचं उत्तर आलं की रेणू बाहेर टेस्टिंगला पाठवतात आणि निकाल 'उपलब्ध झाल्यास' थिसिसमध्ये जोडतात. एक वर्षावाल्या सरांनी दोनच ओळी लिहिल्या: अ‍ॅसे तुम्हीच चालवायचा, आमच्याकडे प्लेट रीडर (निकाल मोजणारं मशीन) जिन्याशेजारी आहे, पण पहिल्या तीन आठवड्यांत पिपेटिंगचा सराव केल्याशिवाय हात लावू देत नाही.

फॉर्म तिकडचा भरला. आणि हो, रीडॉकिंग केलं. मूळ लिगँड ४.३ अँगस्ट्रॉमवर जाऊन बसला, उलटा. सर्टिफिकेट काढलं भिंतीवरून, आता पिपेट धरायचा सराव पाण्यावर करतोय, वीस मायक्रोलिटर दहादा उचलून काट्यावर वजन करतो, आकडे अजून डगमगतायत. किती टक्के फरक चालतो?

पेट्रीडिश

वीसला १ टक्क्याच्या आसपास आलास की बस. टिप आधी दोनदा भरून रिकामी कर, आणि पिपेट उभी धर, तिरकी नको.