डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) ऑइल रिपोर्टवरून इंजिन उघडायचं का?

सोसायटीचा १२५ केव्हीएचा डीजी आहे, ऑइल टेस्टला दिलं तर सिलिकॉन वाढलेलं आणि व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) उतरलेली आली, सर्व्हिसवाला म्हणतो इंजिन उघडा. खरंच गरज आहे का?

↳ घाई नको हो. सिलिकॉन म्हणजे बहुतेक धूळ, एअर फिल्टर आणि त्याच्या होजची क्लिप बघा आधी. लोखंड, ॲल्युमिनियम पण वाढलंय का? नसेल तर गॅस्केटच्या सीलंटचंही असू शकतं.

↳ व्हिस्कॉसिटी उतरली म्हणजे डिझेल मिसळत असणार, बिनलोड (वीज न घेता नुसताच) चालवता का? डिपस्टिक हुंगून बघा, वास येतो. सोडियम-पोटॅशियम वाढलं असेल तर मात्र कूलंट आत जातंय का ते लगेच बघा.

↳ सॅम्पल कसं घेतलं? थंड इंजिनच्या तळातलं असेल तर गाळच येणार. गरम असताना मधल्या धारेतलं घेऊन परत पाठवा, एका रिपोर्टवर कोण इंजिन उघडतं राव!

↳ दर शनिवारी बिनलोडच चालवतो वॉचमन 😅 क्लिप उद्या बघतो.