कॅथलिक मतदार नेमकं ठरवतात कसं?

नवा_न्यूजर्सीकर:
ऑफिसातली एक सहकारी पक्की कॅथलिक, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही. २०२४ ला तिने गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या कमला हॅरिसना मत दिलं, सख्ख्या भावाने ट्रम्पना. दोघंही म्हणतात, धर्माला स्मरूनच दिलं. चर्चचा गर्भपाताला ठाम विरोध असताना तिचं गणित बसतं कसं? टोमणा नाही, खरंच कळत नाही.

मागचं_बाक:
इथल्याच एका पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) वीसेक वर्षं आहे. मतदानाच्या आधीच्या रविवारी मिस्सा आटोपून पार्किंगमध्ये आलो, तर वायपरखाली दोन पत्रकं. एकावर अल्ट्रासाऊंडचा फोटो, दुसऱ्यावर सीमेच्या कुंपणाशी उभं पोर. दोन्हींखाली चर्चची शिकवण छापलेली, आणि कुठलीच खोटी नाही.

किल्ली आहे 'सहभाग' या शब्दात. २००४ ला गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे कॅथलिक नेते जॉन केरी अध्यक्षपदासाठी उभे होते, तेव्हा कार्डिनल रॅट्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट) यांनी लेखी कळवलं होतं: उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे *म्हणून* मत दिलंत, तर तुम्ही त्या पापात सामील. ती भूमिका पटत नसताना दुसऱ्या कारणांसाठी दिलंत, तर तो दूरचा सहभाग. कारणं तोलामोलाची असतील तर चालू शकतो. तोलामोलाची म्हणजे किती, इथे बहीणभाऊ भांडतात. मी आमच्या फादरांना विचारलं, तर त्यांनी आणखी कॉफी ओतून घेतली.

सरळरेषा:
पळवाट आहे ही. न्यूयॉर्कचे तेव्हाचे कॅथलिक गव्हर्नर मारियो कुओमोंनी १९८४ ला नोटरडॅम विद्यापीठात अशीच वाट काढली: शिकवण मला मान्य, पण ती कायद्याने सगळ्यांवर लादावी का, हा वेगळा प्रश्न. तेव्हापासून नेत्यांना आयतं उत्तर मिळालंय. अमेरिकेच्या बिशपांनी २०१९ ला गर्भपाताला सर्वोच्च अग्रक्रम दिलाय. सगळी पापं एका तराजूत घालू नका.

मागचं_बाक:
अग्रक्रम मान्य. पण २०१८ ला पोप फ्रान्सिसनी कॅटेकिझम (चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ) बदलून मृत्युदंड अस्वीकारार्ह ठरवला, तेव्हा आमच्या हॉलमधले तुमच्या बाजूचे लोक एकदम घड्याळं बघायला लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोपनी स्थलांतरितांच्या सरसकट हद्दपारीविरुद्ध अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिलं, तेव्हाही तेच. आणि दुसरी बाजू अल्ट्रासाऊंडचं पत्रक न वाचताच चुरगळते, तेही पाहिलंय. मी स्वतः अध्यक्षपदाचा रकाना कोरा सोडला. त्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही.

नवा_न्यूजर्सीकर:
आणि त्या दोन पत्रकांचं काय केलंत?

मागचं_बाक:
गाडीच्या खणात आहेत अजून. बायको म्हणते, फेक एकदाची.