सलाईनचे थेंब आणि डोसचं गणित: सूत्र एकच, मग प्रत्येकीचं उत्तर वेगळं का?

जीएनएम_पहिलं_वर्ष

नमस्कार. बारावी कला शाखेतून जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) प्रवेश घेतला आहे. बेडमेकिंग, व्हायटल्स, स्पंजिंग जमतं, पण औषधाचं गणित आलं की गाडी अडते. वर्गात उदाहरण होतं: ५०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) ४ तासांत द्यायचं, मिनिटाला किती थेंब? माझं उत्तर ४२, शेजारच्या मुलीचं ३१ आणि तिसरीचं १२५. सूत्र तिघींनी एकच वापरलं होतं. मिलीग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना शून्यं कुठे द्यायची तेही डोक्यात बसत नाही. सूत्र पाठ कर असं सिनियर सांगतात, ते पाठ आहेच. हे पक्कं करायला सुरुवात कुठून करू? आणि वॉर्डमध्ये नेमकं कुठे चुकतं?

क्लिनिकल_इन्स्ट्रक्टर

तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. सेट कोणता धरला त्यावर उत्तर ठरतं. १ मिलीचे किती थेंब पडतात हे आयव्ही सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं. आपल्याकडे वॉर्डात मिळणारा साधा सेट बहुतेक वेळा २० थेंबांचा असतो, काही सेट १५ चे असतात आणि मायक्रोड्रिप (बारीक थेंबांचा मायक्रो सेट) ६० चा. ५०० × २० ÷ २४० मिनिटं म्हणजे ४२. तेच १५ ने केलं तर ३१, ६० ने केलं तर १२५. सेट न सांगता विचारलेलं उदाहरण अर्धवट आहे. परीक्षेत तसं आलं तर ‘२० थेंबांचा सेट धरून’ असं आधी लिहा आणि मग सोडवा.

वॉर्डात दर वेळी लांब सूत्र मांडायची गरज नाही. आधी तासाला किती मिली ते काढा: ५०० ÷ ४ = १२५. मायक्रो सेटला तोच आकडा मिनिटाचे थेंब. २० च्या सेटला त्याला ३ ने भागा, १५ च्या सेटला ४ ने. एवढं हातात बसलं की राउंड चालू असतानाही उत्तर येतं.

आता थेंब लावणं. ड्रिप चेंबर अर्धा भरलेला हवा. गच्च भरला तर थेंब दिसत नाहीत, रिकामा राहिला तर नळीत हवा जाते. सेकंदकाट्याचं घड्याळ चेंबरच्या उंचीवर धरून पूर्ण मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका थेंबाची चूक चार थेंबांची होते. ४२ ला फार बिघडत नाही, पण मुलांना मिनिटाला ६ थेंब लावलेले असताना बिघडतं.

लावलेला रेट तसाच राहील असं समजू नका. कोपराच्या घडीत कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) असेल तर पेशंटने हात दुमडला की थेंब थांबतात, सरळ केला की परत धावतात. बेड वर-खाली केला, पेशंट उठून बसला, नळी कुशीखाली दबली, प्रत्येक वेळी रेट बदलतो. म्हणून लावल्यावर १५ मिनिटांनी परत बघायचं. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तासातासाच्या खुणा करा: १० वाजता सुरू केलं तर ११ ला १२५ मिली संपलेलं हवं, १२ ला २५०. पुढच्या ड्युटीला ओव्हर देताना त्या पट्टीवरून एका नजरेत कळतं.

सर्वांत वाईट सवय म्हणजे मागे पडलेलं सलाईन रोलर (नळीवरचं रेट कमी-जास्त करायचं चाक) पूर्ण उघडून ‘भरून काढणं’. म्हातारे पेशंट, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेले, लहान मुलं यांच्यात त्याने फुप्फुसात पाणी साठतं. धाप लागते, खोकला येतो, मानेच्या शिरा फुगतात, झोपवलं की जास्त कोंडतं. रेट मागे पडला असेल तर उरलेलं किती आणि वेळ किती ते मांडून डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने वाढवू नका.

एक जाता जाता: कडक प्लास्टिकच्या बाटलीला हवा लागते म्हणून बुडाला सुई टोचतात. तिथून जंतू सरळ सलाईनमध्ये जातात. एअर व्हेंट असलेला सेट मागून घ्या.

फार्माकॉलॉजी_ट्यूटर

थेंबांचं वर आलं, मी डोसचं लिहितो.

शून्यांचा घोळ मिटवायला दोनच पायऱ्या: १ ग्रॅम = १००० मिलीग्रॅम, १ मिलीग्रॅम = १००० मायक्रोग्रॅम. मोठ्यातून छोट्यात जाताना आकडा मोठा होणार. ०.२५ मिलीग्रॅमचे मायक्रोग्रॅम २५० आलेच पाहिजेत. २५ किंवा २५०० आले तर पायरी चुकली. ऑर्डर आणि लेबल एकाच एककात आणल्याशिवाय भागाकार सुरूच करायचा नाही. त्यानंतर सूत्र साधं आहे: हवा असलेला डोस ÷ हातातल्या औषधातला डोस × तो किती मिलीत आहे.

पॅरासिटॅमॉलचं उदाहरण नीट बघा. १० किलोचं मूल, १५ मिलीग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे १५० मिलीग्रॅम. सिरप ५ मिलीत १२५ चं असेल तर ६ मिली. ५ मिलीत २५० चं असेल तर ३ मिली. आणि ड्रॉप्स, ज्यात १ मिलीतच १०० मिलीग्रॅम असतं, त्यातले दीड मिली. औषध एकच, आजार एकच, तरी तीन मापं. कागदावर नुसतं ‘६ मिली’ लिहिलं आणि नातेवाइकांनी दुकानातून २५० चं आणलं तर मुलाला दुप्पट जातं, ड्रॉप्स आणले तर चौपट. म्हणून ट्रीटमेंट शीटवर मिलीग्रॅम वाचा आणि बाटली हातात आल्यावरच मिली काढा. नातेवाइकांना घरी द्यायला सांगतानाही तीच बाटली दाखवून सांगा.

टक्क्यांना मुलं उगाच घाबरतात. १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे १ मिलीत १० मिलीग्रॅम. २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलीत २५ ग्रॅम साखर. ॲड्रेनालिनवर १:१००० असेल तर १ मिलीत १ मिलीग्रॅम. तीव्र ॲलर्जीत मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिलीग्रॅम सांगितलं तर अर्धा मिली. १:१०,००० म्हटलं की तेच दहापट पातळ, १ मिलीत ०.१ मिलीग्रॅम.

मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणातल्या झटक्यांवरचं औषध) लेबर रूमच्या पोस्टिंगला हमखास विचारतात. ५० टक्क्यांच्या २ मिली अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. ऑर्डर असते ४ ग्रॅम, २० टक्के करून, शिरेतून सावकाश. चार अँप्यूल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर, एकूण २० मिली. पडताळा: २० टक्क्यांच्या २० मिलीत ४ ग्रॅम, जुळलं. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली गेला नाही ना, लघवी तासाला ३० मिली तरी आहे का, हे बघायचं आणि कॅल्शियम ग्लुकोनेट (मॅगसल्फवरचा उतारा) जवळ ठेवायचं. गणित बरोबर आणि हे तपासणं राहिलं, तर तो डोस चुकीचाच.

लिहिण्याची शिस्तही गणिताचाच भाग आहे. ०.५ लिहा, नुसतं .५ नको, कारण टिंब दिसलं नाही की ५ होतात. २ लिहा, २.० नको, तिथे २० वाचलं जातं. ‘युनिट’ पूर्ण लिहा. त्याऐवजी इंग्रजीतलं नुसतं U टाकलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात.

आयसीयू_सिस्टर

सलाईन ठरलेल्या रेटने देणारा पंप असताना हे कशाला, असा प्रश्न पुढच्या पोस्टिंगमध्ये मनात येईलच. पंप फक्त आपण दिलेला आकडा पाळतो. १२.५ च्या जागी १२५ पडलं तर तो निमूटपणे १२५ देत राहतो. आकडा टाकल्यावर ‘हे ५० मिली किती तासांत संपेल?’ असं स्वतःला विचारा. ४ तास अपेक्षित असताना २४ मिनिटं निघाली तर तिथेच कळतं.

माझा सगळा जोर मात्र तीन औषधांवर आहे.

पोटॅशियम क्लोराइड: नेहमीच्या १० मिली अँप्यूलमध्ये २० एमइक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं, म्हणजे १ मिलीत २. ऑर्डर ‘२० एमइक्यू’ असताना २० मिली भरले तर दुप्पट गेलं. सरळ शिरेत कधीच पुश करायचं नाही, हृदय थांबतं. सलाईनमध्ये टाकल्यावर बाटली बऱ्याच वेळा उलटसुलट करून मिसळा. लटकलेल्या बाटलीत तसंच टाकलं तर जड द्रावण तोंडाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांतच पेशंटला जातं. साध्या शिरेतून तासाला १० एमइक्यू ही नेहमीची मर्यादा, म्हणून ५०० मिलीत २० असेल तर ते २ तासांच्या आत संपता कामा नये. लावण्याआधी पेशंटला लघवी होते का ते बघा.

हेपरिन: ५ मिलीची व्हायल १ मिलीत १००० युनिटचीही येते आणि ५००० चीही. ५००० युनिट म्हणजे एकीतले ५ मिली आणि दुसरीतला १ मिली. ‘२५,०००’ हा ठळक आकडा पूर्ण व्हायलचा असतो, १ मिलीचा नाही. लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, भरताना आणि व्हायल ठेवताना.

तिसरं इन्सुलिन. व्हायल ४० ची (१ मिलीत ४० युनिट) असेल तर लाल टोपीची सिरिंज, १०० ची असेल तर केशरी. ही जोडी मोडली की चूक डोळ्याला दिसतच नाही, कारण रेघ बरोबर असते. १०० च्या व्हायलमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अर्धा मिली येतं, म्हणजे ५० युनिट. पेशंट घाम येऊन बेशुद्ध पडतो. उलट केलं, म्हणजे ४० ची व्हायल आणि केशरी सिरिंज, तर २० च्या जागी ८ च युनिट जातात आणि शुगर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही.

ही तीनही औषधं दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच द्या. तिला आपलं उत्तर आधी सांगू नका. तिने व्हायल आणि ऑर्डर बघून स्वतः काढू दे. ‘१ मिली बरोबर आहे ना?’ विचारलं की समोरची मान डोलावते.

एनआयसीयू_नर्स

मुलांकडच्या पोस्टिंगसाठी थोडं. २.५ किलोचं बाळ, पहिल्या दिवशी ६० मिली प्रतिकिलो सांगितलं तर दिवसाचे १५० मिली, तासाला ६.२५. मायक्रो सेटवर मिनिटाला ६ थेंब. पंप नसेल तर बुरेट सेट (मध्ये खुणांची छोटी नळकांडी असलेला) लावा आणि त्यात दोन तासांपुरतंच, म्हणजे १२ ते १३ मिली उतरवून वरचा क्लॅम्प बंद करा. रोलर चुकून उघडा राहिला तरी बाळाला तेवढंच जाईल. बाळाला ५०० ची बाटली साध्या सेटने थेट जोडायची नाही.

वजन दर वेळी ताजं घ्या. केसपेपरवर आठवड्यापूर्वीचं असतं आणि सगळे डोस त्यावर काढले जातात.

जीएनएम_पहिलं_वर्ष

सगळ्यांचे मनापासून आभार. ३ आणि ४ ने भागायचं लगेच जमलं. एक शंका: वॉर्डात ४० ची व्हायल आहे आणि फक्त केशरी टोपीची सिरिंज शिल्लक आहे, तर २० युनिटला कोणत्या रेघेपर्यंत भरायचं? आणि सराव कसा करू?

आयसीयू_सिस्टर

गणिताने उत्तर ५० ची रेघ, कारण ४० च्या व्हायलमधले २० युनिट म्हणजे अर्धा मिली. व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलं तर हेच सांग. वॉर्डात मात्र असं भरू नकोस. स्टोअरमधून किंवा शेजारच्या वॉर्डातून लाल टोपीची सिरिंज माग, इन्चार्ज सिस्टरांना सांग. पुढच्या ड्युटीची सिस्टर ५० ची रेघ बघून ५० युनिटच समजेल.

क्लिनिकल_इन्स्ट्रक्टर

सरावासाठी पुस्तकातली तयार उदाहरणं कमी घ्या. रिकाम्या व्हायल, अँप्यूलची खोकी आणि सेटची पाकिटं स्किल लॅबमध्ये मागून घ्या. रोज पाच लेबलं घेऊन प्रत्येकावर एक ऑर्डर स्वतः तयार करा, मिली काढा आणि तेवढं साधं पाणी सिरिंजमध्ये भरून मैत्रिणीला वाचायला द्या. भागाकार करण्याआधी अंदाज सांगायचा: एका व्हायलपेक्षा कमी लागेल की जास्त? उत्तर तीन-चार व्हायल किंवा अँप्यूल आलं तर थांबून लेबल आणि ऑर्डर पुन्हा वाचायची. मॅगसल्फसारखी मोजकी औषधं सोडली तर एका डोसला इतकं फोडावं लागत नाही.

थेंबांचा सराव करताना सेट बादलीत सोडा, रोलरवर ४२ लावा आणि मग बाटली दोन फूट खाली करून परत मोजा. रेट किती पडतो ते वहीत लिहून पुढच्या डेमोला दाखवा.